कारण (ऐच्छिक)

जानेवारीत ट्रॉम्सोला दुपार अशी नसतेच.
खिडकीबाहेर निळसर काहीतरी तासभर थांबतं, आणि जातं.
त्या तासात आमचं भांडण पेटलं:
खाली जाताना आकडा वाढावा, की घटावा?

मर्डो म्हणाला, दोनशे मीटर खोल म्हणजे सरळ दोनशे,
ओबानच्या बोटींवर असंच लिहितात.
हवामानवाली व्हिएस्वावा म्हणाली,
आम्ही समुद्रसपाटीपासून वर मोजतो,
तुझं पाणी आमच्या फायलीत आलं
की आभाळात चढतं.
कुणी हसलं नाही. एकदा तसं झालं होतं,
अख्खा फ्योर्ड डोंगरांच्या वर तरंगत
छापूनही आला होता.

माझं काम फक्त लिहिणं.
"असलेच पाहिजे", "असावे", "असले तरी चालेल",
या तीन मापांनी सगळ्यांचं भांडण वाटून द्यायचं.
तिसऱ्या दिवशी ठरलं, दोन्ही दिशा चालतील,
पण कुठली, ते फायलीनं स्वतःच्या तोंडानं सांगितलेच पाहिजे.
पाचांमुखी परमेश्वर म्हणतात.
आम्ही अकरा होतो, आणि कॉफी संपली होती.

मग आलं: न मोजलेलं कसं लिहायचं?
कुणी शून्य लिहितं, कुणी रिकामं सोडतं,
कुणी उणे नव्व्याण्णव पूर्णांक नऊ,
मग कुणीतरी घाईघाईत सरासरी काढतं
नि भर जुलैत पाणी गोठतं.
शून्य अंशाला पाणी असतं, हात घातला तर झोंबतं.
न मोजलेलं म्हणजे
तिथं हातच गेला नाही.

मी वडिलांची वही टेबलावर ठेवली.
आय्लिफ. हेस्टनेसच्या धक्क्यापासून तीनशे वल्ही आत,
दोरीला बाटली, बाटलीत थर्मामीटर,
रोज सकाळी, सत्तावीस वर्षं,
मोबदला म्हणून संस्थेचं एक कॅलेंडर.
अकरा मार्च एकोणीसशे शहाऐंशी,
आकड्याच्या जागी पेन्सिलीनं:
"मुलीला ताप. होडी काढली नाही."

ती मुलगी मी.
त्या तापातलं मला काहीच आठवत नाही,
एवढंच, की माझ्यापायी समुद्राचा एक दिवस कमी आहे.

म्हटलं, कारणाचा रकाना सक्तीचा करा.
मतं पडली, सात विरुद्ध चार.
यंत्र कारण कुठून आणणार, मर्डो म्हणाला,
आणि खरंच होतं ते.
रकाना राहिला. ऐच्छिक. ऐंशी अक्षरांचा.

पण उदाहरण लिहिणं माझ्या हातात होतं.
पान एकेचाळीस:
तापमान, नाही. कारण, मुलीला ताप. होडी काढली नाही.

नियम कुणी वाचत नाही.
उदाहरण उचलतात, तारीख बदलतात.
दोन वर्षांत फायली येऊ लागल्या,
पुन्ता अरेनासजवळच्या बोयाकडून,
कोरियाच्या किनाऱ्यावरच्या एका खांबाकडून,
एका माणूस नसलेल्या पाणबुडीकडून.
सेन्सर बुडाला, केबल कशानंतरी कुरतडली,
कारण मात्र सगळीकडे तेच.
तपासणीचा प्रोग्रॅम हिरवी खूण देतो,
अक्षरं ऐंशीच्या आत आहेत.

व्हिएस्वावानं रीतसर दोष नोंदवला,
क्रमांक दोनशे अठरा: "कुठली मुलगी?"
पुढच्या आवृत्तीत मी उदाहरण बदललं.
बॅटरी संपली.
जुन्या फायलींना हात लावायचा नाही,
हा नियमही माझाच, पान नऊ.

काल रात्री एक उघडली,
दक्षिणेच्या बर्फाकाठची, जुन्या आवृत्तीतली.
अकरा दिवस सलग न मोजलेले.
अकरा दिवस मुलीला ताप.
क्षणभर मला तिची काळजी वाटली.